साच्यातले राक्षस आणि भावकीचा ग्रुप

श्रावण लागला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपतीच्या मूर्तीवरून वाद पेटतो. पीओपी की शाडू, हा नेहमीचा. यंदा थोरल्या दादाने नवा फाटा फोडला : "पेणच्या मूर्तीत कसली आलीय कला? साच्यातून काढलेला कारखान्याचा माल तो." त्यावर धडाधड अंगठे. माझं डोकं फिरलं ते त्या अंगठ्यांमुळे.

या मंडळींनी एकदा तोक्योत येऊन सोफुबी कसे काढतात ते बघावं. सोफुबी म्हणजे मऊ व्हिनाइलची जपानी खेळणी, बहुतेक राक्षसच. मेणाच्या प्रतीवर तांबं चढवून पोकळ साचा करतात. त्यात पातळ व्हिनाइल ओतून साचा तापलेल्या तेलात बुडवायचा, कडेने थर धरला की उरलेलं ओतून टाकायचं आणि पुन्हा तेलात. मग कारागीर पकड घालतो आणि साच्याच्या अरुंद तोंडातून राक्षसाचं अख्खं धड, शेपूट, नख्यांसकट पाय गरम असतानाच बाहेर ओढतो. घाई केली तर फाटतं, रेंगाळलं तर निघत नाही. आता म्हणा कारखान्याचा माल!

1966 मध्ये जपानी टीव्हीवर 'अल्ट्रा क्यू' आणि पाठोपाठ 'अल्ट्रामॅन' या राक्षसांच्या मालिका आल्या, आणि मारुसान या खेळण्यांच्या कंपनीने त्यातले राक्षस पोरांसाठी बाजारात आणले. पडद्यावरचे यातले बरेचसे राक्षस रेखाटले होते तोरु नारिता या शिल्पकाराने. त्याचे नियम कडक : असलेलाच प्राणी नुसता मोठा करायचा नाही, दोन डोकी चिकटवायची नाहीत, जखमा आणि रक्त दाखवायचं नाही. त्याचा कानेगॉन बघा. पैशाला हपापलेल्या पोराचा झालेला राक्षस, तोंड म्हणजे चेनची पर्स, खाणं नाणी. (आमच्या भावकीत दोघे-तिघे आहेत तसे.) नारिताची मूळ चित्रं आज आओमोरीच्या कला संग्रहालयात आहेत. पुढे गार्गामेलसारख्या खेळणी बनवणाऱ्या छोट्या मंडळींनी मनाचेच राक्षस घडवले. थोडे नग काढायचे, रंग हाताने मारायचे, विक्री सोडतीने. साचा आहे म्हणून इथे कोणी नाक मुरडत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, फोटोंसकट. दादाचं उत्तर एका ओळीचं : "मग तुझा राक्षसच बसव तिकडे, दीड दिवसाचा."

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. राक्षसाच्या पिशवीवरच्या पुठ्ठ्यावर नाव असतं ते घडवणाऱ्या कलावंताचं. तेलाशेजारी उभं राहून पकड ओढणाऱ्याचं नाव तिथे सहसा नसतं. हे सांगितलं असतं तर दादाला आयतंच कोलीत मिळालं असतं. आणि पेणच्या ज्या कारखान्यातून आमचा गणपती यायचा, तिथे डोळ्यांची आखणी करणाऱ्या काकांचं नाव मी तरी कुठे कधी विचारलं? नाकानो ब्रॉडवे या तोक्योतल्या खेळण्यांच्या दुकानांनी भरलेल्या बाजारात मात्र कुठल्या काचेमागे कोणाचा राक्षस उभा आहे, ते झोपेतही सांगेन.

बायको म्हणते, सोड तो ग्रुप. सोडवत नाही. तोक्योतल्या निशी-कासाईतल्या घरून ऑफिसला निघालो की भुयारी गाडीतही तेच वाचत असतो. ऑफिसात मी पेणबद्दल बोललो तर सगळे मान हलवून, छान छान म्हणत शेवटपर्यंत ऐकून घेतात. "काहीतरीच काय बोलतोस?" असं म्हणणारं इथे कोणी नाही.