नक्षी कोणाची, त्यावर सगळं आहे
बंदुका सजवण्यावरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय की एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूवर नक्षी कोरणं, केलं की बंदुकीचा भाव वाढतो, ते काय पटलं नाही. कारखान्यातूनच नक्षी होऊन आलेली असेल आणि कंपनीच्या जुन्या रेकॉर्डचं पत्र सोबत असेल तर हो, १९व्या शतकातल्या कोल्ट कंपनीच्या बंदुकीवर नक्षीकार गुस्ताव यंगचं किंवा विंचेस्टर कंपनीच्या बंदुकीवर उलरिक भावांचं काम असलं की कलेक्टर तुटून पडतात. पण कोणीतरी हौसेने स्वतःची आद्याक्षरं, बायकोचं नाव, लग्नाची तारीख कोरून घेतली तर ते घेणार कोण? भाव पडतोच, आणि कोरलेलं पुसायला गेलं की धातू घासला जातो, म्हणजे दुप्पट नुकसान. त्याहून वाईट म्हणजे जुन्या बंदुकीला पॉलिश मारून नवीन ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) करणं, कडा गोल होतात, शिक्के पुसट होतात, ओरिजनल फिनिश गेलं ते गेलंच. १९६४ च्या आधीची विंचेस्टर मॉडेल ७० रायफल घ्या, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवण्यासाठी जादा भोकं पाडलेली असली की जाणकार लगेच हात आखडता घेतो. ग्रिप (मूठ), साइट (नेम धरायची खूण) बदलायची तर बदला ना, पण जुने पार्ट डब्यात जपून ठेवा, विकताना परत बसवता येतात. चेंबरजवळ (गोळी जिथे बसते तिथे) किंवा सिरीयल नंबरवर मात्र कोरायचा विचारही नको.