ग्लायडरमधले होकायंत्र: आपल्या अक्षांशावरून विचार करताना

ग्लायडरच्या पॅनेलवर चुंबकीय होकायंत्र आता हवेच कशाला, असा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला आहे. तो जर्मनीत शिकतो आणि तिथल्या एका क्लबात ग्लायडिंगचे धडे घेऊ लागला आहे. सूर्य आणि जीपीएस असताना होकायंत्राने पॅनेलवरची जागा फुकट अडते, असे त्याला तिथे सांगितले गेले. या विषयाला फोनवर न्याय देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. मी साताऱ्याचा. ग्लायडिंग हडपसरच्या केंद्रात शिकलो आणि नोकरीभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंशी माझा जवळून संबंध आला. भाच्याला जे सांगितले गेले ते तिथल्या आकाशापुरते बव्हंशी बरोबर आहे, पण तोच निष्कर्ष सातारा-सांगलीच्या आकाशाला जसाच्या तसा लावता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

विरोधी बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. साध्या ग्लायडरला इंजिन नसते. ते थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेच्या झोतात, घिरट्या घालून उंची मिळवते आणि चाळीसेक अंशांची बँक, म्हणजे पंखांचा एका बाजूला कल, ठेवून सतत वळत असताना साधे होकायंत्र वाचताच येत नाही. द्रवाने भरलेल्या त्या वाटीत टोकावर तोललेली तबकडी ठरावीक कलापर्यंतच मोकळी फिरते, त्यापुढे ती अडकते. याच अडचणीवर उपाय म्हणून वळणातही वाचता येतील अशी बोहली आणि कुक या नावांची खास होकायंत्रे युरोपात बनवली गेली आणि ढगात शिरून उडणाऱ्यांना ती उपयोगी पडत. नियमांचे म्हणाल, तर युरोपीय संघाच्या नियमांत दिवसा, ढगाबाहेर उडणाऱ्या साध्या ग्लायडरला वेळ, उंची आणि वेग दाखवणारी साधने पुरेशी मानली आहेत. चुंबकीय दिशा दाखवणारे साधन इंजिन बसवलेल्या ग्लायडरलाच सक्तीचे आहे. एखाद्या ग्लायडरच्या स्वतःच्या उड्डाण-पुस्तिकेत होकायंत्र लिहिलेले असेल तर ते असलेच पाहिजे, ही बाब वेगळी. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून, वर जाऊन धावपट्टीच्या नजरेच्या टप्प्यात फिरणाऱ्या शिकाऊ वैमानिकाचेही होकायंत्रावाचून काही अडत नाही. प्रश्न सुरू होतो तो धावपट्टी नजरेआड झाल्यावर.

होकायंत्र वळणात खोटे बोलते, ही तक्रार प्रत्येक पुस्तकात असते आणि ती पुस्तके बहुतेक उत्तरेकडच्या देशांत लिहिली गेली आहेत. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसते. ते एका कोनात जमिनीत शिरते, त्याला आपण नतिकोन म्हणतो. मध्य जर्मनीत हा कोन सुमारे ६५ अंश आहे, म्हणजे तिथल्या क्षेत्राचा मोठा भाग सुईला खाली खेचण्यातच खर्च होतो. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते, तिथे हा कोन शून्य होतो, आणि आपल्या साताऱ्यात तो साधारण २४ अंशांच्या आसपास भरतो. तबकडीला प्रत्यक्ष फिरवणारे आडवे बल जर्मनीत २० हजार नॅनोटेस्लाच्या आसपास, तर आपल्याकडे ३८ हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट आहे.

या दोन आकड्यांतून काय निघते ते पाहू. समजा, ग्लायडर ३० अंशांच्या बँकने वळत आहे आणि त्या क्षणी त्याचे तोंड उत्तरेकडे आहे. तबकडीही ग्लायडरबरोबर तेवढीच कलली आहे असे धरले, तर नतिकोनाच्या टॅनला बँकच्या साइनने गुणून जी संख्या येते, ती होकायंत्राच्या चुकीचा टॅन असते. हे गणित अकरावीचा विद्यार्थीही करू शकेल. जर्मनीसाठी उत्तर येते सुमारे ४७ अंश. म्हणजे तोंड उत्तरेकडे असताना होकायंत्र थेट ईशान्य किंवा वायव्य दाखवील. साताऱ्यासाठी तेच उत्तर १२ ते १३ अंश येते. वेग वाढवताना किंवा कमी करताना पूर्व-पश्चिम दिशांवर जी चूक होते, तीही त्याच कारणाने आपल्याकडे सौम्य असते. शिवाय नकाशावरची उत्तर आणि सुईची उत्तर यांतला फरक आपल्या भागात एखाद्या अंशाच्या आतबाहेरच आहे, त्यामुळे तो हिशेबात धरला नाही तरी ग्लायडरच्या कामात काही बिघडत नाही. ज्या उपकरणाला तिकडे योग्य कारणाने नावे ठेवली जातात, ते आपल्या अक्षांशावर बरेच शहाण्यासारखे वागते, आणि ही गोष्ट आपण शिकवताना सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

सूर्याच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. जर्मनीत मे महिन्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साठेक अंशांवर असतो. थर्मलमधून बाहेर पडताना तो कोणत्या खांद्यावर आहे एवढे पाहिले की दिशा कळते, आणि तिथले वैमानिक ही युक्ती सर्रास वापरतात. साताऱ्यात १० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सांगलीत त्याआधी दोन-तीन दिवस. तेव्हा साधारण साडेअकरा ते दीडच्या दरम्यान सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो आणि तो कोणत्या बाजूला आहे हे कॉकपिटमधून ठरवणे अवघड होते. त्यानंतरच्या पंधरवड्यात तर माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे ‘दुपारी सूर्य दक्षिणेला’ हा पाठ केलेला नियम धरून चालणारा माणूस सरळ विरुद्ध दिशेला जाऊ शकतो. दोन वाजल्यानंतर सूर्य पश्चिमेची खूण चांगली दाखवतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण थर्मल जोर धरू लागतात ते नेमके त्या मधल्या तासांत, आणि आपला थर्मलचा भर हंगाम म्हणजे एप्रिल-मे.

जमिनीवरच्या खुणाही आपल्याकडे वाटतात तितक्या सोप्या नाहीत. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड ही नावे रस्त्यावरून पाहणाऱ्याला तोंडपाठ असतात, पण सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे गेलेल्या या सगळ्या सोंडा एकाच बेसाल्टच्या आहेत आणि उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत वरून पाहिल्या, तर सपाट माथा आणि त्याखाली काळ्या कड्यांच्या पायऱ्या यांपलीकडे वेगळेपण उरत नाही. पूर्वेकडे माण-खटावची कोरडी जमीन कृष्णाकाठच्या उसाच्या ओल्या पट्ट्यापेक्षा लवकर तापते, म्हणून लांबचे उड्डाण करू पाहणारा कोणीही तिकडेच वळेल. तिथे येरळा आणि माणगंगा या दोन नद्या आहेत, आणि वैशाखात दोन्हींची पात्रे वाळूची, फिकट आणि वळणावळणाची असतात. येरळेच्या काठाने गेलात तर दक्षिणेला सांगली जिल्ह्यात कृष्णेकडे पोचाल. माणगंगेच्या काठाने गेलात तर आटपाडीवरून सांगोल्याच्या बाजूला जाल. वरून पाहताना एकीला दुसरी समजणे सहज शक्य आहे. मात्र मिनिटभर पात्राला समांतर सरळ उडून होकायंत्राकडे पाहिले, तर एक दक्षिण सांगते आणि दुसरी आग्नेय. हा ४५ अंशांचा फरक दाखवायला दहा-बारा अंशांनी चुकणारे उपकरणसुद्धा पुरते.

आता जीपीएसबद्दल. ते अचूक आहे, स्वस्त आहे, आणि एक्ससीसोरसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर फोनवर घेतले की पूर्वी स्वप्नातही नव्हती एवढी माहिती हाताशी येते. मी स्वतः ते वापरतो आणि कोणी वापरू नये असे म्हणणार नाही. पण बंद पारदर्शक कॅनोपीखाली, मे महिन्याच्या उन्हात, फोन किती वेळ तग धरतो हे ज्याने पाहिले आहे त्याला माझे म्हणणे कळेल: आधी पडदा मंद होतो, मग फोन तापल्याची सूचना येते, आणि नंतर तो थंड होईपर्यंत काहीच दाखवत नाही. माझ्या बाबतीत हे घडले आहे, आणि तेव्हा विमानतळ समोर दिसत होता म्हणूनच त्याचे काही वाटले नाही. जीपीएस संकेतांत मुद्दाम केलेल्या ढवळाढवळीची चर्चाही आता आपल्या दाराशी आली आहे. पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या. सातारा सीमेपासून फार दूर आहे, म्हणून मी माझा सगळा भार या आकड्यावर टाकत नाही. माझी भीती साधी आहे, तापलेल्या फोनची आणि उतरलेल्या बॅटरीची.

आणखी एक फरक आहे, जो बरेच नवे वैमानिक लक्षात घेत नाहीत. जीपीएस सांगते ते ग्लायडर जमिनीवरून कोणत्या दिशेने सरकत आहे एवढेच. ग्लायडरचे नाक कुठे आहे हे साधे जीपीएस सांगू शकत नाही. ताशी ९० किलोमीटरने उडणाऱ्या ग्लायडरला ताशी ३० किलोमीटरचा आडवा वारा लागला, तर ठरलेल्या मार्गावर राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे सुमारे १९ अंश वळवून ठेवावे लागते. होकायंत्रावरची दिशा आणि जीपीएसवरचा मार्ग यांतली ही तफावत म्हणजे वाऱ्याची सरळ खूण आहे, आणि अनोळखी शेतात उतरायची वेळ आली तर ही खूण फार मोलाची ठरते. महागड्या फ्लाइट कॉम्प्युटरना जोडायला चुंबकीय सेन्सर मिळतात ते याचसाठी. म्हणजे ज्याला आपण जुने म्हणून काढायला निघालो, तेच नव्या रूपात पुन्हा विकत घ्यावे लागते.

होकायंत्र ठेवायचे तर नीट ठेवले पाहिजे. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, कारण त्या विजेने मोजमापे बिघडली असती. आपल्या कॉकपिटमध्ये मात्र आपण होकायंत्राशेजारी चुंबकाने चिकटणारा फोन-होल्डर लावतो, व्हॅरिओचा, म्हणजे ग्लायडर किती वेगाने चढते किंवा उतरते ते सांगणाऱ्या यंत्राचा, स्पीकर त्याच्या मागे बसवतो आणि मग ते चुकते अशी तक्रार करतो. उड्डाणापूर्वीची तपासणी अगदी सोपी आहे. ग्लायडर धावपट्टीच्या रेषेत उभे केले की होकायंत्राने धावपट्टीच्या क्रमांकाशी जुळणारी दिशा दाखवली पाहिजे, कारण तो क्रमांक चुंबकीय दिशेवरूनच दिलेला असतो; मग रेडिओ आणि व्हॅरिओ चालू करावेत, फोन त्याच्या जागी लावावा आणि तबकडी हलते का ते पाहावे. द्रवात बुडबुडा दिसला तर गळती आहे असे समजून होकायंत्र दुरुस्तीला द्यावे.

वाचायची सवयही लावून घ्यावी लागते. तबकडीवर शेवटचे शून्य गाळलेले असते, म्हणून ‘३’ म्हणजे ३० अंश, आणि काचेतून पाहताना हा ‘३’ उत्तरेच्या डाव्या हाताला दिसतो. नवशिका माणूस आकडा डावीकडे आहे म्हणून डावीकडे वळतो, आणि आकडा आणखी दूर जातो. हे केवळ समजावून भागत नाही, हाताला वळण पडावे लागते. म्हणून भाच्याला आणि आपल्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे असे आहे की, एकट्याने लांब जाण्याआधी प्रशिक्षकाला मागे बसवून एक उड्डाण जीपीएसवर कापड टाकून करावे. थर्मलमधून बाहेर पडताना पंख समतल करावेत, वेग स्थिर ठेवावा, तबकडी शांत होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबावे, मगच आकडा वाचून दिशा दुरुस्त करावी, आणि हे चारही मुख्य दिशांना करून पाहावे. भाचा सुटीत इकडे आला की तेच उड्डाण आपल्या अक्षांशावर करून दोन्ही ठिकाणच्या चुका वहीत शेजारी शेजारी लिहिणार आहे, आणि ते आकडे मी इथे देईन.