‘वॉज मॅरिड’मुळे गायब झालेला नवरा

मी कागदपत्रांची भाषांतरं करते. जन्माचे दाखले, सातबारे, प्रतिज्ञापत्रं, व्हिसाची पत्रं, जे येईल ते. परवा एक ताई आल्या होत्या. शाळेत शिक्षिका, पस्तिशीच्या. नवरा जर्मनीत नोकरीला, मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे जायचं, म्हणून व्हिसाच्या अर्जाला जोडायचं पत्र तपासून हवं होतं. कुणीतरी लिहून दिलेलं. तिसऱ्याच ओळीत वाक्य: ‘आय वॉज मॅरिड विथ मिस्टर अमुक अँड ही इज वर्किंग इन जर्मनी.’

मी विचारलं, “ताई, घटस्फोट झालाय का?”

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अहो, काहीतरीच काय! रोज रात्री व्हिडिओ कॉल असतो आमचा.”

आता यात हसण्यासारखं असलं तरी त्यांची चूक अगदी आपल्या सगळ्यांची आहे. मराठीत लग्न ‘होतं’. ती घडून गेलेली गोष्ट. ‘माझं लग्न २०१२ला झालं’ म्हटलं की मी आज विवाहित आहे हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं, कारण संसार मोडला असता तर आपण तसं वेगळं सांगितलं असतं. इंग्रजीत ‘मॅरिड’ हे विशेषणासारखं वापरतात, उंच किंवा आजारी म्हणावं तसं. ‘आय वॉज इल’ म्हणजे आजारी होते, आता बरी आहे. ‘आय वॉज मॅरिड’चंही तेच होतं. होते, आता नाही. बरं, गंमत अशी की पुढे तारीख घातली की तेच वाक्य निर्दोष. ‘आय वॉज मॅरिड ऑन ट्वेल्थ मे’ म्हणजे त्या दिवशी लग्न लागलं, बाकी संसार सुखाचा. तारीख काढा, नवरा गायब.

म्हणून आजची स्थिती सांगायची तर ‘अ‍ॅम मॅरिड’. किती वर्षं झाली ते सांगायचं तर ‘हॅव बीन मॅरिड सिन्स २०१२’. ‘अ‍ॅम मॅरिड सिन्स’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय की मी स्वतः कॉलेजात असताना तसंच लिहायचे.

आणि ते ‘विथ’. ‘त्याच्याशी लग्न केलं’ यातला ‘शी’ थेट इंग्रजीत उतरतो. इंग्रजीत माणूस ‘मॅरिड टू’ असतो. ‘मॅरिड विथ टू चिल्ड्रन’ हे मात्र बरोबर, त्याचा अर्थ विवाहित, दोन मुलं. एका बायोडेटात मी ‘मॅरिड टू टू चिल्ड्रन’ वाचलंय. कुणीतरी नियम पाठ केला होता बहुतेक.

‘सिंगल’चा घोळ वेगळा. बोलताना सिंगल म्हणजे सध्या कुणी नाही, मग आधी लग्न होऊन मोडलेलं असो वा नसो. अर्जात बहुतेक वेळा डिव्होर्स्ड, विडोड यांच्या शेजारी सिंगल असतं, तेव्हा त्याचा अर्थ कधीच लग्न न झालेला. अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जात वादच नको म्हणून सरळ ‘सिंगल, नेव्हर मॅरिड’ असा पर्याय ठेवलाय. आपली जनगणनाही ‘नेव्हर मॅरिड’ आणि ‘करंटली मॅरिड’ असंच म्हणते. वाचायला विचित्र, पण शंका उरत नाही. प्रतिज्ञापत्रांत अजून ‘बॅचलर’ आणि ‘स्पिन्स्टर’ लिहून आणतात लोक. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. खुद्द इंग्लंडने विवाहनोंदणीतून हे दोन्ही शब्द २००५ साली काढले आणि दोघांसाठी ‘सिंगल’ केलं. आपल्या १९५४च्या विशेष विवाह कायद्यातल्या नोटिशीच्या नमुन्यात तर या रकान्याचं नावच ‘कंडिशन’ आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, तब्येत विचारतायत.

माझा खरा राग आहे तो स्थळांच्या जाहिरातींमधल्या इंग्रजीवर. ‘इनोसंट डिव्होर्सी’. म्हणजे निर्दोष घटस्फोटित. निर्दोष म्हणजे काय, तर चूक समोरच्याची होती, किंवा लग्न नावापुरतंच होतं. मग बाकीचे सगळे दोषी का? त्याच्या जोडीला ‘इश्यूलेस’, म्हणजे मूलबाळ नाही. साहेबाच्या देशात कुणाला ‘इनोसंट डिव्होर्सी’ वाचून दाखवलं तर तो विचारेल, खटला कसला होता? ‘डिव्होर्स्ड, नो चिल्ड्रन’ एवढ्यात काम होतं. ज्याला जास्त जाणून घ्यायचंय तो भेटून विचारेल. ‘प्रथमवर’, ‘बिजवर’ असे शब्द पिढ्यान् पिढ्या वापरल्यामुळे असेल, पण आपल्याला स्थिती सांगून समाधान होत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं.

विधवांच्या कागदात नेहमीचं वाक्य: ‘माय हजबंड इज एक्स्पायर्ड.’ पासपोर्ट एक्स्पायर होतो हो. ‘माय हजबंड डाइड इन २०१९’ यात उद्धटपणा काही नाही, आणि स्वतःबद्दल ‘आय अ‍ॅम अ विडो’. विडो आणि विधवा हे एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द आहेत, हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ नुसती बसून होते. इंग्रजीत तर बाईच्या शब्दाला शेपूट लावून पुरुषाचा ‘विडोअर’ तयार झाला. असं उलटं क्वचितच घडतं.

नावाआधीच्या ‘सौ.’चं काय करायचं, हेही विचारतात. जुन्या कागदांवर तो नावातच घुसलेला असतो आणि मग इंग्रजीत ‘सौ’ हेच पहिलं नाव होऊन बसतं. मी ‘मिझ’ सुचवते, लग्नाचा उल्लेखच नको. न्यूयॉर्क टाइम्सलाही ते छापायला १९८६ साल उजाडलं, तेव्हा आपल्या काकूंनी नाक मुरडलं तर मी वाद घालत नाही.

पण एका शब्दापाशी मी दर वेळी अडते. परित्यक्ता. गेल्या वर्षी एक बाई भावाकडे अमेरिकेला निघाल्या होत्या. नवऱ्याने २०१८ साली माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. ना घटस्फोट, ना पोटगी, ना कोर्टाचा कागद. अमेरिकन व्हिसाच्या अर्जात ‘लीगली सेपरेटेड’ असा पर्याय असतो, पण त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली मिळतो तसा. वेगळं राहणं म्हणजे कायद्याने विभक्त होणं नव्हे. म्हणजे अर्जात ‘मॅरिड’. त्या म्हणाल्या, “हे खोटं नाही का?” मी म्हटलं, कायद्याने खरं आहे, आणि सोबत न्यायच्या पत्रात आपण पुढचं लिहू.

‘डेझर्टेड’ लिहून बघितलं. त्यांना अर्थ सांगितला तर म्हणाल्या, “मी काय ओसाड गाव आहे?” खोडलं. ‘सेपरेटेड’ लिहिलं तर त्या पर्यायाशी गोंधळ होणार. शेवटी वाक्य झालं ते असं: ‘आय अ‍ॅम मॅरिड बट हॅव लिव्ड अपार्ट फ्रॉम माय हजबंड सिन्स २०१८.’ मराठीत सांगितलं, की मी विवाहित आहे, पण २०१८पासून नवऱ्यापासून वेगळी राहते.

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, “यात त्याने मला सोडलं असं कुठेच येत नाही ना?”

“नाही.”

“मग मीच त्याला सोडलं, असंही कुणी वाचू शकेल?”

“शकेल.”

पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “मग राहू दे तसंच.”