आबाजी आणि कूलरचा पाइप

तिसरीतल्या मुलाने ‘माझे आजोबा’ हा निबंध कसा लिहावा, यावरून गेल्या रविवारी नागपूरच्या आठ रस्ता चौकातल्या आमच्या कट्ट्यावर जो वाद पेटला, तो तर्री पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्या तरी मिटला नाही. निमित्त झाले शिकवणी वर्ग चालवणाऱ्या आमच्या मित्राचे. त्याने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला नमुना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला : ‘माझे आजोबा सत्तर वर्षांचे आहेत. ते रोज पहाटे उठतात. ते प्रेमळ व शिस्तप्रिय आहेत. ते मला गोष्टी सांगतात. ते मला खूप आवडतात.’

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘हे आजोबा कोणाचे?’’

मित्राला ते लागले. ‘‘गुरुजी, ज्या पोराला दोन वाक्ये जुळवता येत नाहीत, त्याला चौकट द्यायची नाही तर काय द्यायचे? तपासणारे मुद्दे पाहतात, गुण मुद्द्यांना मिळतात.’’ त्याचे म्हणणे मला सर्वस्वी चूक वाटत नाही. ज्याच्या घरी पुस्तकी मराठी कोणी बोलतच नाही, त्या मुलाला पहिले वाक्य कुठून उचलावे हेच कळत नाही, आणि अशा वेळी नमुना त्याला निदान कोऱ्या पानाच्या धाकातून सोडवतो. अडचण अशी की तो पुढे दहावीपर्यंत त्याच नमुन्यात राहतो.

गुरुजींच्या मते दोष मुलात नसून विचारण्यात आहे. ‘आजोबा कसे आहेत?’ असे विचारले की मूल मोठ्यांकडून ऐकलेले एखादे विशेषण शोधून पुढे करते. त्याऐवजी ‘आजोबा काय करतात ते करून दाखव’ म्हटले की ते उठून उभे राहते आणि हातवारे करत बोलू लागते. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाने सांगितलेले आणि त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतलेले पाच वाक्यांचे वर्णन त्यांना अजून पाठ आहे : ‘आबाजी कूलरमध्ये पाणी भरतात. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबतात. मग पाणी माझ्या अंगावर उडते. आई ओरडते. आबाजी म्हणतात, मी काहीच नाही केलं.’ यात ‘प्रेमळ’ हा शब्द कुठेही नाही; पण नागपूरचा मे महिना, नातवाची काढलेली खोडी आणि सुनेला थोडा वचकून असलेला म्हातारा, एवढे सगळे त्यात आले आहे.

‘‘पण हे त्याने लिहिले कुठे? लिहिले तर तुम्ही,’’ मित्राने बरोबर पकडले. गुरुजींचे उत्तर मला पटले. सहा-सात वर्षांच्या मुलाला अक्षराचे वळण, काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. त्या ओढाताणीत मनातले वाक्य निसटते आणि मूल आठवणारे लिहिण्याऐवजी लिहिता येणारे तेवढेच लिहिते. म्हणून आधी त्याने सांगावे, मोठ्याने एकही शब्द न सुधारता उतरवावे, मग त्याने स्वतःचेच वाक्य वाचावे आणि शेवटी लिहावे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी आपल्या कामाविषयीचे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. मुलाला हवा असलेला शब्द बाई कार्डावर लिहून देत, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर तो त्याच्या जिव्हाळ्याचा नव्हताच असे मानून कार्ड बाद करत. जिव्हाळ्याचे आणि भीतीचे शब्द मात्र मुले एकदा पाहिले की विसरत नसत.

इतका वेळ गप्प असलेल्या वकीलसाहेबांनी मग खरा पेच टाकला. ‘‘मुलाने खरे लिहिले आणि त्या खऱ्यात बाबा रात्री पिऊन येतात हेही आले, तर? आणि ज्याला आईच नाही, त्याने ‘माझी आई’ काय लिहावे?’’ यावर पहिल्यांदाच कोणी लगेच बोलले नाही. माझ्या मते विषय ‘माझी आई’ असा बांधून देणेच गैर आहे. आत्या, शेजारच्या काकू, रिक्षावाले काका, ज्याच्याविषयी लिहावेसे वाटेल तो माणूस मुलाने निवडावा. गुरुजींनी त्यात एक भर घातली : वही वर्गात वाचून दाखवायची की नाही, हे मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नये, आणि ‘नाही’ म्हटले तर कारण विचारू नये. पिण्याचा उल्लेख आला तर तो निबंध राहत नाही, तिथे शिक्षकाने लाल पेन बाजूला ठेवून मुलाशी एकट्याने बोलावे, असे त्यांनी वकीलसाहेबांना बजावून सांगितले.

मित्र मात्र व्यवहार सोडायला तयार नव्हता. ‘‘चाळीस पोरांचे कोण उतरवून घेणार? मी एकटा?’’

‘‘चौथीतली पोरं पहिलीतल्यांजवळ बसवायची. माझ्या शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत असायचे, तेव्हा तेच करत होतो.’’

‘‘आणि शुद्धलेखन?’’

‘‘चौथीतल्याचं तपास ना. सांगणाऱ्याचं कशाला तपासतोस?’’