वॉलहल्ला म्हणजे सिनेमाचा सेट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं सोन्याच्या खाणींचं जुनं गाव वॉलहल्ला, त्यावरच्या माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात, तोही मुद्देसूद. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेलबर्नहून अडीच तास गाडी हाकून तिथे बघायचं काय? हॉटेल नवं, स्टेशन नवं, रेल्वे नव्याने टाकलेली. कायमची वस्ती जेमतेम वीस माणसांची. हे गाव नव्हे, सिनेमाचा सेट आहे. खरं असेल तर तेवढं भोवतीचं जंगल. आणि दीडशे-एकशेसाठ वर्षांना इतिहास म्हणणं म्हणजे जरा अतीच.

जंगलापासूनच सुरू करतो, कारण गंमत तिथेच आहे. तुम्ही ज्याला खरं म्हणताय ते जंगल त्या गावापेक्षा वयाने लहान आहे. नेड स्ट्रिंगर आणि त्याच्या साथीदारांना तिथल्या ओढ्यात सोनं सापडलं ते १८६२-६३ च्या सुमारास. स्ट्रिंगर बिचारा १८६३ मध्येच वारला, ओढ्याला नाव तेवढं ठेवून गेला. ओढ्यातल्या वाळूतलं सोनं लवकर संपतं. खरा खजिना होता डोंगराच्या पोटात, कोहेन्स रीफ नावाच्या खडकाच्या शिरेत. लाँग टनेल आणि लाँग टनेल एक्स्टेंडेड या तिथल्या दोन मोठ्या खाणी किलोमीटरभर खोल गेल्या. एवढ्या खोलातून दगड वर ओढायचा, पाणी उपसायचं, दगड कुटायचा, तर वाफेची इंजिनं हवीत, आणि बॉयलरला लाकूड हवं. जवळचं संपलं की पुढच्या डोंगरावरचं, तेही संपलं की त्याच्याही पुढचं, त्यासाठी डोंगरउतारांवर छोट्या ट्रामलाइनी टाकलेल्या. खाणींच्या भरभराटीच्या दिवसांतले फोटो बघा: गावाच्या दोन्ही बाजूंचे डोंगर बोडके दिसतात. आज तुम्हाला जी गर्द झाडी दिसली ती बहुतेक सगळी खाणी बंद पडल्यावर उगवलेली. म्हणजे नवं-जुनं याच निकषावर जायचं तर आधी जंगलच बाद होतं.

आता स्टेशन. सध्याची इमारत प्रतिकृती आहे, हे तुमचं बरोबर. पण मूळ इमारत कुठे आहे माहितीये? मेलबर्नच्या हार्टवेल उपनगरात. तिथे ती कामावर जाणाऱ्यांच्या रोजच्या वापरात आहे. वॉलहल्लाकरांनी वर्षानुवर्षं रेल्वेसाठी अर्ज-विनंत्या केल्या, ती आली १९१० मध्ये, आणि १९१४ मध्ये मोठ्या खाणींना टाळं लागलं. सोनं आणायचं सोडून गाडी उलट गावच वाहून न्यायच्या कामी आली. लाकडी घरं खिळे काढून सुटी केली, फळ्या-पत्रे गाडीत भरले आणि दुसरीकडे नेऊन उभे केले. हजारोंनी माणसं असलेलं गाव असं उलगडत गेलं. पुढे १९४४ मध्ये तिथली गाडीही थांबली. स्टार हॉटेल १९५१ च्या आगीत गेलं, ते १९९९ मध्ये परत उभं राहिलं. रूळ, पूल, सगळं स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी राबून पुन्हा घातलं, आणि २००२ मध्ये गाडी वॉलहल्लापर्यंत पोचली. त्या अरुंद घळीत ओढा ओलांडत जाणारे एकामागून एक पूल आहेत. ते बघून कुणी त्याला सेट म्हणावं, याचं मला नवल वाटतं. सेट शूटिंग संपलं की मोडतात. इथे मोडलेलं लोकांनी परत जोडलंय, आणि त्या गावाचा मागच्या शंभर वर्षांचा इतिहास हाच आहे.

जाता जाता आपल्याकडच्यांसाठी: या रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे १८९७ ला सुरू झालेल्या आपल्या बार्शी लाइट रेल्वेचीच. व्हिक्टोरियात त्या मापाचे चार मार्ग झाले, वॉलहल्ला त्यातला शेवटचा. (माथेरानची गाडी त्याहून अरुंद, दोन फुटी. लगेच कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

गावाच्या स्वभावाचं म्हणाल तर तो जागेच्या टंचाईतून आलाय. घळ इतकी चिंचोळी की सपाट जमीन म्हणजे ओढ्याचा काठ, तोही रस्त्याने खाल्लेला. म्हणून १९०१ मध्ये अग्निशमन केंद्र बांधलं ते सरळ ओढ्यावरच. खालून पाणी वाहतंय, वर बंब. दफनभूमी इतक्या उतारावर की थडगी पायऱ्या-पायऱ्यांनी रचलीत. इथे माणसाला उभंच पुरतात, हा तिथला जुना विनोद. क्रिकेटला मैदान हवं होतं, तर एका डोंगराचा माथाच छाटून सपाट केला. वर चढून जाईपर्यंत पाहुण्या संघाची दमछाक व्हायची आणि यजमान ताजेतवाने! हे कुठल्याही नेपथ्यकाराला सुचणार नाही.

आणि वीस माणसांचं. गावाला तारेची वीज मिळाली १९९८ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या अगदी शेवटच्या गावांत त्याचा नंबर लागला. रस्त्याने पन्नासेक किलोमीटरच्या आत लॅट्रोब खोरं, जिथल्या कोळशावर व्हिक्टोरियाचे दिवे पिढ्यान्‌पिढ्या जळले! त्याच खोऱ्यात यालूर्न नावाचं आखीवरेखीव शहर वीजमंडळाने १९२० च्या दशकात वसवलं, आणि खालचा कोळसा हवा म्हणून १९८० च्या दशकात अख्खं पाडून टाकलं. आज तिथे खड्डा आहे. वीस माणसांचं वॉलहल्ला मात्र उभं आहे.

‘एकशेसाठ वर्षांचा कसला इतिहास’ यावर एवढंच: एकशेसाठ वर्षं सोन्याची. ही भूमी गुनाइकुर्नाई या मूळनिवासी लोकांची, आणि त्यांचा इथला वावर हजारो वर्षांचा. २०१० मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने गिप्सलँडच्या (व्हिक्टोरियाच्या पूर्वेकडच्या मुलखाच्या) मोठ्या भागातल्या सरकारी जमिनीवर त्यांचा मूळ हक्क मान्यही केला. स्ट्रिंगरने ‘शोधलेल्या’ ओढ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं ओळखत होती.

राहता राहिला तुमचा ‘दोन तासांत बघून होतं’ हा शेरा. होतं की, रस्त्यावरून चालत गेलात तर तासाभरातही. पुढच्या खेपेस मुक्काम करा, लाँग टनेल एक्स्टेंडेडमध्ये आत जा, मैदानाची चढण चढा. सहाशे पन्नास किलोमीटरची ऑस्ट्रेलियन आल्प्सची पायवाट इथूनच निघून कॅनबेराजवळ थार्वाला पोचते, तिचा पहिला तुकडा चालून या. हिवाळ्यात गेलात तर स्वेटर विसरू नका, घळीत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. गाडी रोज सुटत नाही, तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवा.