मित्राचं घर घेताना सूट मागू नका, माहिती मागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मित्राकडून घर विकत घेण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, दोन व्हॅल्युअर (म्हणजे घराची किंमत काढून देणारे तज्ज्ञ), वकील, लेखी अटी असा सरंजाम मित्रापुढे मांडणं म्हणजे त्याच्यावर उघड अविश्वास दाखवणं. दुसरा, भावात सूटच मिळणार नसेल तर मित्राकडून घर घ्यायचं कशाला? तिसरा, आकडा बोलला जाण्याआधी भाव काढायची पद्धत ठरवा असं सांगणं सोपं आहे. प्रत्यक्षात मित्र गप्पांच्या ओघात आकडा केव्हाच सांगून बसलेला असतो. मग काय करायचं?

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

मित्राकडून घर घेण्यात फायदा आहे आणि मोठा आहे, पण तो भावात शोधायचा नाही. घराबद्दल विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला जवळजवळ काहीच नसतं. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की माहितीची ही दरी असली की घेणारा सगळ्याच मालाकडे संशयाने बघतो आणि चांगल्या मालालाही कमी भाव देतो. अनोळखी विक्रेता ही दरी बुजवणार नाही; विचारलंत तरी जेवढ्यास तेवढं सांगेल. मित्र मात्र सांगू शकतो. कोणत्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं आणि कोणी केलं, पाण्याचा दाब कोणत्या वेळी पडतो, वरच्या मजल्यावरच्यांशी गळतीवरून वाद आहे का, इमारतीचा कोणता मोठा खर्च येऊ घातलाय, रात्री अकरा वाजता त्या खोलीत किती आवाज येतो. मागच्या दोन वर्षांची वीज-पाण्याची बिलं आणि दुरुस्त्यांच्या पावत्या तो सहज काढून देईल. हे प्रश्न लेखी पाठवा आणि उत्तरंही लेखी घ्या. हे त्याच्याविरुद्ध पुरावा ठेवायला नाही, तर तोंडी सांगताना माणूस निम्मं विसरतो म्हणून.

दुसरा फायदा वेळेचा. ताब्याची तारीख पुढेमागे करणं, मुलांच्या परीक्षा आटोपेपर्यंत थांबणं, कर्ज मंजूर व्हायला दोन आठवडे जास्त देणं, हे मित्र करतो. तिसरा फायदा दलालीचा. एवढं पदरात पडत असताना वर पुन्हा भावात सूट मागणं मला तरी हावरेपणाचं वाटतं.

सूट देण्यात वाईट काही नाही. घोटाळा होतो तो मोघम सुटीने. "तुझ्यासाठी कमी करतो रे" एवढंच बोलणं झालं की विकणाऱ्याच्या मनात राहतं की आपण बरंच सोडलं आणि घेणाऱ्याला वाटतं की बाजारभावच दिला. दोघेही खरं बोलत असतात, कारण मोजमाप कोणी केलेलंच नसतं. पुढे घेणाऱ्याने वर्षभरात ते घर जास्त भावाने विकलं, तर ती न मोजलेली सूट मूळ मालकाच्या मनात दसपट होते. म्हणून सूट द्यायचीच असेल तर तीन गोष्टी पाळा. ती विकणाऱ्याने आपणहून द्यावी, घेणाऱ्याने सुचवूही नये. ती बाजारभाव ठरल्यावर, ठरावीक रक्कम म्हणून, एकदाच सांगावी. आणि दोन-तीन वर्षांच्या आत घर नफ्यात विकलं गेलं तर आधी सुटीएवढी रक्कम मूळ मालकाला परत जाईल, अशी अट लिहावी. ही अट घेणाऱ्याने स्वतः मांडली तर उत्तम. विकणाऱ्याला ती मागायला संकोच वाटतो. आणखी एक, अनेक देशांत बाजारभावापेक्षा फार कमी किमतीला झालेली विक्री करखातं त्या फरकापुरती भेट समजतं किंवा विकणाऱ्याचा नफा बाजारभावानेच मोजतं. म्हणजे मित्राने सोडलेल्या पैशांवरही त्यालाच कर पडू शकतो. आकडा पक्का करण्याआधी कर सल्लागाराला विचाराच.

आता अविश्वासाचा आक्षेप. मित्रांमधले असे व्यवहार घासाघीस चालू असताना क्वचितच बिघडतात. तेव्हा दोघेही सांभाळून बोलत असतात. बिघडतात नंतर, पहिल्या पावसात भिंत ओली झाली की, किंवा शेजारचं घर जास्त भावाला गेलं की. त्या वेळी हातात काही नसलं तर प्रश्न थेट माणसावर येतो: याला माहीत होतं का? यानं मला फसवलं का? तपासणीचा अहवाल आणि ठरलेली पद्धत कागदावर असली तर हा प्रश्न उभाच राहत नाही. माझ्या मते लेखी अटी मित्रासाठी जास्त गरजेच्या असतात, कारण अनोळखी माणसाशी भांडता येतं आणि मित्राशी आपण अबोला धरतो.

तरी तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. हे सगळं कसं मांडलं जातं त्यावर बरंच अवलंबून आहे. वकिलाची नोटीस आल्यासारखा कागद पुढे टाकला तर कोणीही दुखावेल. जेवणाच्या टेबलावर किंवा चार मित्रांत विषय काढू नका. वेगळी वेळ मागा, दोघांचे जोडीदार हजर असू द्या आणि पहिलं वाक्य हे असू द्या: "आपल्याला भावावर एकमेकांशी बोलायलाच लागू नये म्हणून आधी पद्धत ठरवूया. आणि तीस तारखेपर्यंत आपल्यापैकी कोणीही नको म्हणालं तर कारण विचारायचं नाही." या दुसऱ्या वाक्याला फार वजन आहे. नाही म्हणायची वाट उघडी असली की माणूस मोकळेपणाने हो म्हणतो. त्या तारखेपर्यंत टोकन द्यायचं-घ्यायचं नाही. नंतर दिलेलं टोकनही शक्यतो वकिलाकडे किंवा दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्याकडे ठेवायचं.

पद्धत एका पानात बसते. व्हॅल्युअर दोन, एक त्याने निवडलेला, एक तुम्ही, दोघांची फी निम्मी-निम्मी. दोघांनाही एकसारखाच कागद द्यायचा: क्षेत्रफळ, बांधकामाचं वय, मजला, कागदपत्रांच्या प्रती. अपेक्षित किंमत मात्र कोणालाही सांगायची नाही, आणि व्यवहार मित्रांमधला आहे हेही नाही. यामागे ठोस कारण आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या मालमत्ता एजंटांना एकच घर दाखवलं, फक्त मागणीचा आकडा काहींना कमी सांगितला, काहींना जास्त. एजंटांचे अंदाज त्या आकड्याकडे झुकले, आणि बहुतेकांनी तर त्या आकड्याचा आपण विचार केल्याचं नाकारलं. रोज हाच धंदा करणाऱ्यांचं असं होतं, तर आपलं काय!

दोन्ही अहवालांत फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सरासरी धरा. जास्त असेल तर तिसरा व्हॅल्युअर बोलवा आणि तीनपैकी जवळच्या दोन आकड्यांची सरासरी घ्या. समजा अहवाल १०० आणि १०६ चे आले. सरासरी १०३. तपासणीत २ इतक्या खर्चाची दुरुस्ती निघाली, उरले १०१. एरवी विकणाऱ्याला २ इतकी दलाली पडली असती, ती दोघांत वाटली म्हणून आणखी १ वजा. भाव १००. यात घासाघीस कुठेच झाली नाही. हा दहा टक्क्यांचा नियम आणि दलालीची वाटणी अहवाल उघडण्यापूर्वी लिहून ठेवायची. आकडे दिसल्यावर ज्याला जो नियम सोयीचा तोच त्याला न्याय्य वाटू लागतो. कर्ज काढणार असाल तर तुमच्या बँकेचं मूल्यांकनही याच काळात करून घ्या. ठरलेल्या भावापेक्षा ते कमी आलं तर बँक सहसा कमी आकडाच धरते आणि मधली रक्कम खिशातून भरावी लागते. टोकन दिल्यावर हे कळलं तर मित्रापुढे अवघडून बसायची वेळ येते.

एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका: "तू कितीला घेतलं होतंस?" डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला. ज्यांना घर तोट्यात विकावं लागणार होतं त्यांनी मागणीचा भाव चढा ठेवला आणि त्यांची घरं पडूनही जास्त काळ राहिली. खरेदीचा जुना आकडा एकदा चर्चेत आला की मित्राला तुमचा भाव आपल्या नुकसानीसारखा दिसू लागतो.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नंतरचे बहुतेक वाद इथेच जन्मतात. तपासणारा माणूस तुम्ही नेमा, पैसे तुम्ही द्या, पण अहवालाची प्रत मित्राला त्याच दिवशी पाठवा. कपाटं आणि पलंग भिंतीपासून ओढून मागची भिंत बघा. ओल नेमकी तिथेच लपलेली असते. फुगलेला रंग, पांढरी बुरशीसारखी पूड, हाताला गार लागणारा पट्टा या तिच्या खुणा. टाइल आणि प्लास्टर बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आतली पकड सुटली आहे. बाथरूमचा निचरा बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी चोवीस तास साठवा, पातळीची खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या छताला डाग येतो का ते पाहा. यासाठी खालच्या घरात आधी सांगून ठेवायला हवं आणि ते काम मित्रच उत्तम करतो.

निघालेले दोष तीन ढिगांत टाका. गळती, बांधकामातले तडे, धोकादायक वायरिंग असले दोष भावातून वजा. जुना रंग, झिजलेले नळ हे व्हॅल्युअरने वय धरताना मोजलेलंच असतं, ते पुन्हा मागायचं नाही. आणि फरशीचा रंग आवडला नाही, ही तुमची आवड झाली. त्याबद्दल तोंडातून शब्दही काढू नका. ज्या घरात त्याचे आईवडील राहिले त्या घराला नावं ठेवलेली माणूस विसरत नाही. दुरुस्ती "मी करून देतो" असं तो म्हणाला तरी नम्रपणे नको म्हणा आणि दोन ठेकेदारांच्या अंदाजांची सरासरी वजा करा. घर सोडून जाणारा माणूस दुरुस्ती काम भागेल इतपतच करतो, आणि ती पुन्हा उखडली की दोष त्याच्या नावावर जातो.

पैशांच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगतो. घरावर कर्ज असेल तर कर्ज फेडायला मित्राच्या हातात पैसे देऊ नका. थकबाकीचं पत्र त्याच्या बँकेकडून घ्या, तेवढी रक्कम थेट त्या बँकेला जाऊ द्या आणि बोजा उतरल्याचं पत्र व मूळ कागद मिळाल्यावर उरलेली रक्कम खरेदीखताच्या वेळी मित्राला द्या. तो प्रामाणिक असेलच. पण पैसे आणि कागद यांच्या मधल्या दिवसांत आजारपण, कोर्टाची जप्ती, भावाबहिणींचा हक्क असं काहीही उपटू शकतं. मालकीहक्काचा शोध याचसाठी, आणि दोघांचे वकील वेगळे असावेत तेही याचसाठी. घर एकापेक्षा जास्त जणांच्या नावावर असेल तर त्या प्रत्येकाची लेखी संमती पहिल्याच आठवड्यात हवी.

विक्री झाल्यावर मित्राला काही दिवस तिथेच राहायचं असेल तर शेवटची तारीख आणि दिवसाचं भाडं लिहा. पंखे, गिझर, एसी, पडद्यांच्या दांड्या, स्वयंपाकघरातली कपाटं यांपैकी काय राहणार आणि काय जाणार याची यादी फोटोंसह करा. लाखोंचा व्यवहार सुरळीत पार पडतो आणि काढून नेलेल्या झुंबरावरून बोलणं बंद होतं.

उरला तुमचा तिसरा प्रश्न: आकडा आधीच बोलला गेला असेल तर? तो खोडू नका आणि त्यावर हो-नाहीही म्हणू नका. "तुझा आकडा ऐकला. तो कमी असेल तर तुझं नुकसान मला नको, जास्त असेल तर माझं तुला नको असणार. दोन अहवाल काढू आणि जे येईल ते धरू," असं सांगा. अहवाल त्याच्या आकड्यापेक्षा जास्त आला तर जास्तच द्या. तेवढी तयारी नसेल तर ही पद्धत सुचवूच नका, कारण ती दोन्ही बाजूंनी चालायला हवी. आणि अहवाल बघूनही तो म्हणाला, "नाही, मी बोललो तेवढेच घेणार," तर ती त्याने आपणहून दिलेली, मोजलेली सूट झाली; वर लिहिलेल्या तीन गोष्टी पाळून ती आनंदाने घ्या. अहवाल कमी आला आणि तो खाली यायला तयार नसला, तर आधी ठरवलेल्या तारखेच्या आत नको म्हणा, व्हॅल्युअरची त्याच्या वाट्याची फीसुद्धा तुम्हीच भरा, आणि दुसरं घर बघायला लागा.