‘कोणत्याही घराला 90 टक्के कर्ज’ : एका संदेशाचा हिशेब

गेल्या काही महिन्यांत नात्यातल्या तीन-चार मंडळींनी मला एकच संदेश पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘घरासाठी पैसे साठवत बसू नका. बँक कोणत्याही घराच्या किमतीच्या 90 टक्के कर्ज देते. उरलेल्या 10 टक्क्यांसाठी वैयक्तिक कर्ज काढा. बँकेने मूल्यांकन कमी धरले, तर करारनाम्यात किंमत वाढवून लिहा. कर्ज जितके मोठे, तितकी करसवलत जास्त.’ पहिल्या घरासाठी धडपडणारी जोडपी अशा संदेशाच्या भरवशावर इसार देऊन मोकळी होतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

‘कोणत्याही घराला 90 टक्के’ हे विधान नियमालाच धरून नाही. घराच्या मूल्याच्या किती टक्के कर्ज द्यायचे, या प्रमाणाला बँकेत एलटीव्ही म्हणतात आणि त्याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेली आहे. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला 90 टक्के, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि 75 लाखांच्या वर 75 टक्के, असे हे टप्पे आहेत. ते घराच्या किमतीवर नसून कर्जाच्या रकमेवर आहेत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 36 लाखांच्या घराचे 90 टक्के 32 लाख 40 हजार होतात; पण ती रक्कम 30 लाखांच्या पुढे गेल्याने 90 टक्क्यांच्या टप्प्यात बसत नाही आणि कर्ज 30 लाखांवरच थांबते. शिवाय ही केवळ वरची मर्यादा आहे, ग्राहकाचा हक्क नव्हे. तुमचे उत्पन्न, वय आणि आधीचे हप्ते पाहून बँक त्याहून कमी कर्ज मंजूर करू शकते.

संदेशात ‘किंमत’ हा शब्द फार सैलपणे वापरला आहे आणि सर्वात मोठा घोटाळा तिथेच होतो. साधारणपणे करारनाम्यातली किंमत आणि बँकेच्या पॅनेलवरील मूल्यांकनकर्त्याने काढलेले मूल्य, यांपैकी जे कमी असेल तेच बँक धरते. पुण्यातल्या एका नातेवाइकाच्या वेळी मी स्वतः हजर होतो. 60 लाखांना ठरलेली, पुनर्विक्रीची दोन खोल्यांची सदनिका होती. मूल्यांकन करायला आलेल्या गृहस्थांनी दिवाणखान्याचे माप घेतले, मंजूर नकाशाची प्रत उघडली आणि भिंतीच्या एका जागेवर बोट ठेवले. पूर्वीच्या मालकाने बाल्कनी आत घेऊन दिवाणखाना वाढवला होता. विक्रेत्याने त्या जागेचेही पैसे लावले होते. मूल्यांकनात मात्र नकाशात खोली म्हणून मंजूर असलेलेच क्षेत्र धरले गेले. मूल्य 56 लाख आले. त्याचे 80 टक्के म्हणजे 44 लाख 80 हजार.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क तर या हिशेबात धरलेच जात नाही. घराची किंमत 10 लाखांच्या आत असेल तरच ते मिळवण्याची मुभा बँकांना आहे, आणि पुण्या-मुंबईत त्या किमतीचे घर मिळणे कठीणच. माझ्या नातेवाइकाला 60 लाखांवर, पुण्यात पुरुष खरेदीदाराला लागणाऱ्या 7 टक्के दराने, 4 लाख 20 हजार मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी शुल्क भरावे लागले. म्हणजे संदेशाप्रमाणे 6 लाख हाताशी असले की पुरे होते, प्रत्यक्षात 19 लाख 70 हजार उभे करावे लागले. यात दलाली, संस्थेचे हस्तांतरण शुल्क आणि रंगरंगोटी धरलेली नाही.

‘मग करारनाम्यात किंमत वाढवून लिहा’ हा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. 60 ऐवजी 66 लाख लिहिले असते, तरी बँकेने कमी असलेले 56 लाखच धरले असते. कर्ज एका रुपयाने वाढले नसते आणि मुद्रांक शुल्क मात्र 42 हजारांनी वाढले असते. खोटी किंमत दाखवून कर्ज मागणे ही बँकेची फसवणूक आहे, हे वेगळे सांगायला नको.

वैयक्तिक कर्जाचा सल्ला मला सर्वात घातक वाटतो, कारण तो वरवर व्यवहारी दिसतो. समजा हातात येणारा पगार 90 हजार आहे आणि बँक त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 45 हजारांपर्यंत, सर्व हप्ते मिळून मान्य करते. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 44 लाख 80 हजारांचा हप्ता सुमारे 38,900 रुपये होतो, तो या मर्यादेत बसतो. आता 6 लाखांचे वैयक्तिक कर्ज 12 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी काढले, तर त्याचा हप्ता सुमारे 13,350 होतो. गृहकर्जासाठी उरतात 31,650 रुपये आणि त्यात बसणारे गृहकर्ज साधारण साडेछत्तीस लाखांचे. सहा लाख उचलण्याच्या नादात आठ लाखांहून अधिक गृहकर्ज हातचे गेले. ही माहिती लपवताही येत नाही, कारण प्रत्येक चालू कर्ज पतअहवालात दिसते.

करसवलतीबद्दल एवढेच सांगतो की, स्वतः राहत्या घराच्या व्याजावरची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंतच आहे आणि नव्या प्रणालीत ती मिळतच नाही. वरच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याजच पावणेचार लाखांच्या आसपास जाते.

इसार देण्याआधी मंजूर नकाशा मागून घ्यावा आणि शक्य असेल तर बँकेचे मूल्यांकन आधीच करून घ्यावे. विक्रेता तेवढा थांबायला तयार नसेल, तर ‘अपेक्षित कर्ज मंजूर न झाल्यास इसाराची रक्कम परत मिळेल’ हे वाक्य इसारपावतीत रकमेसह आणि मुदतीसह लिहून घ्यावे. माझ्या नातेवाइकाच्या पावतीत ते नव्हते. त्याने दोन लाख इसार दिला होता आणि तो बुडू नये म्हणून त्याला गावाकडची जमीन घाईने, पडत्या भावात विकावी लागली.